स्वतंत्र विकिपीडिया आवृत्तीची पात्रता आणि खानदेशातील बोली

एखाद्या भाषेत विकिपीडियाची स्वतंत्र आवृत्ती निघावी की नाही, हे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेची भाषा समिती ठरवते. हा निर्णय मतमोजणीने होत नाही. भाषेला आयएसओ ६३९ या भाषांच्या आंतरराष्ट्रीय मानकातील संकेत (ओळखीची अक्षरे) आहे का, ती एखाद्या मोठ्या भाषेच्या आवृत्तीत सामावणार नाही इतकी वेगळी आहे का आणि ‘इन्क्युबेटर’ या चाचणी-संकेतस्थळावर तिच्यात सातत्याने लेखन होते का, हे पाहिले जाते. गोव्याच्या कोकणीची आवृत्ती २०१५ मध्ये आणि संथाळीची २०१८ मध्ये याच वाटेने आली.

खानदेशात हा प्रश्न मुख्यतः अहिराणीचा आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक जिल्ह्यातील बागलाण-मालेगावच्या पट्ट्यात ती बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ (हिच्यातच अहिराणी धरली आहे) मराठीत न मिळवता वेगळी मोजली असून तिचे भाषक सुमारे १८.६ लाख आहेत. आयएसओ मानकात मात्र अहिराणी आणि खानदेशी असे दोन स्वतंत्र संकेत आहेत, त्यामुळे अर्ज कोणत्या नावाने करायचा इथपासूनच विचार करावा लागतो.

वेगळेपणाची कसोटी अहिराणी सहज पार करते. ‘माझा मुलगा धुळ्याला राहतो’ हे वाक्य तिच्यात ‘मना आंडोर धुयाले ऱ्हास’ असे होते. सर्वनाम, नाम, क्रियापदाचा प्रत्यय हे सारेच बदलते आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. तिला मराठीचे अशुद्ध रूप म्हणणे ही साफ चूक आहे.

खरी अडचण लेखनाची आहे. गाणी, ओव्या आणि कथा यांत ही बोली समृद्ध आहे. परंतु शाळा मराठीतून झाल्यामुळे घरी अहिराणी बोलणारा माणूसही केळीच्या लागवडीवर माहिती लिहायला बसला की मराठीकडे वळतो. ‘आहे’साठी कोणी ‘शे’ लिहितो, कोणी ‘से’. अशा वेळी भाषकांनीच एकत्र बसून लेखनपद्धती ठरवणे आवश्यक असते, कारण बाहेरच्यांनी हौसेने भरलेली आवृत्ती भाषेचेच नुकसान करते. स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियातील असंख्य लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन किशोराने लिहिल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते.

सातपुड्यातील पावरी आणि नवापूरकडील मावची या भिल्ली गटातील भाषा आहेत. अहिराणीची आवृत्ती निघाली तरी त्यांची गरज तिच्यातून भागणार नाही. त्यांचा विचार स्वतंत्रपणेच व्हायला हवा.