मिस मार्पलच्या गावात शिरण्याआधी

अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' (खेड्यात राहून खून उलगडणाऱ्या म्हाताऱ्या मिस मार्पलची पहिली कादंबरी) पहिल्यांदा वाचायला घेतली तेव्हा सुरुवातीला माझी नुसती चिडचिड झाली. खुनाचा पत्ता नाही, आणि पाद्रीबाबांच्या घरी शिजलेलं चिवट बीफ काय, चर्चच्या पैशातली हरवलेली एक पौंडाची नोट काय, कोण कुणाच्या घरी कितीला गेलं काय, ह्याच गप्पा. झुंजारकथांवर वाढलेल्या माणसाला हे जरा जडच जातं. पण ह्या गप्पा म्हणजे टाइमपास नाहीये, अख्खी केस त्यांच्यावरच उभी आहे, आणि त्याची गोष्ट बरीच मागे जाते.

1860 साली इंग्लंडात विल्टशायर-सॉमरसेटच्या हद्दीवरच्या रोड नावाच्या खेड्यात एका सुखवस्तू घरातलं पावणेचार वर्षांचं पोर मारलं गेलं. स्कॉटलंड यार्डातून व्हिचर नावाचा इन्स्पेक्टर आला, त्याने एका गायब झालेल्या नाइटगाऊनवरून घरातल्याच सोळा वर्षांच्या मुलीवर संशय घेतला, तर लोक त्याच्यावरच उखडले, की चांगल्या घरातल्या मुलीवर असा आळ घेतोच कसा. 1865 ला तिने स्वतःच कबुली दिली. मग 1868 मध्ये विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही हिऱ्याच्या चोरीची कादंबरी आली, त्यातही नाइटगाऊन आहेच, फक्त रक्ताऐवजी दाराच्या ओल्या रंगाचा डाग. (आणि हिरा श्रीरंगपट्टणच्या 1799 च्या लुटीतला, म्हणजे आपला इथला!) बाहेरचा चोर-दरोडेखोर नाही, आपल्याच चहाच्या टेबलावरचं कुणीतरी, ही भीती तिथून इंग्रजी कादंबरीत मुरली.

ख्रिस्तीने गावालाच कामाला लावलं. 1926 च्या 'रॉजर ॲक्रॉइड'मध्ये तिचा डिटेक्टिव्ह पॉयरो रिटायर होऊन किंग्ज ॲबट नावाच्या खेड्यात भोपळे लावत बसलाय, पण खरी मजा आणते डॉक्टरची बहीण कॅरोलाइन, जी घरबसल्या मोलकरणी आणि दूधवाल्याकडून गावची खबर काढते. 1928 ला त्यावर नाटक आलं आणि त्यात ह्या मध्यमवयीन बाईच्या जागी एक तरुण मुलगी घातली, ते ख्रिस्तीला फार लागलं, आणि मिस मार्पल बहुधा ह्या कॅरोलाइनवरूनच सुचली असं तिने आत्मचरित्रात लिहिलंय. मार्पल कथांमध्ये 1927 लाच आली होती, कादंबरीत 1930 ला.

'व्हिकरेज'मध्ये पाद्रीबाबांची बायको तिला चक्क गावातली सगळ्यात खवट म्हातारी समजते. पण म्हातारीची बाग अशा जागी आहे की पाद्रीबाबांकडे जाणारा माणूस तिला दिसणारच, वरून पक्षी बघायची दुर्बीण. ज्या स्टडीत खून होतो तिथलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे लावलेलं असतं (पाद्रीबाबांना उशीर होऊ नये म्हणून, आपल्याकडे पण करतात ना) आणि हे घरच्यांना माहीत, पोलिसांना नाही. शहरात ह्याला साधी गंमत म्हणतील, इथे तो पुरावा आहे. सगळ्यांना सगळ्यांचं टाइमटेबल पाठ असेल तरच असली कोडी जमतात.

युद्धानंतर ते गाव राहिलंच नाही. 1950 च्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड'मध्ये मार्पल तेच म्हणते, पंधरा वर्षांपूर्वी कोण कुठला हे ठाऊक असायचं, आता भारतातून, हाँगकाँगहून कुणीही येतं आणि स्वतःबद्दल जे सांगेल ते खरं धरायचं. ओळख म्हणजे रेशनबुकावरचं नाव. मला विचाराल तर तिची सगळ्यात चांगली कादंबरी हीच. 1962 च्या 'द मिरर क्रॅक्ड'पर्यंत मार्पलच्या गावाला, सेंट मेरी मीडला, लागून नवी कॉलनी होते, मार्पलला डॉक्टरने बागकाम बंद केलेलं, त्यामुळे ती सोबतच्या बाईला दुकानात पिटाळून एकटीच कॉलनी बघायला निघते, तिथे पाय घसरून पडते, एक अनोळखी बाई तिला उठवून घरात नेते, चहा पाजते, आणि पुढे खून होतो तो त्या बाईचाच.