पिस्तुलाच्या मॅगझिनमधली रिकामी जागा

पिस्तूल कपड्यांखाली लपवायचं असेल तर अडचण नळीची नसते, मुठीची असते. नळी पट्ट्याच्या आतून खाली जाते आणि कुणाला दिसत नाही. मूठ मात्र पट्ट्याच्या वर राहते आणि माणूस वाकला की तिचं खालचं टोक शर्टातून उठून दिसतं. म्हणून लपवून बाळगायच्या पिस्तुलांची मूठ आखूड ठेवतात. पण गोळ्यांचं मॅगझिन बसतं ते याच मुठीत. मूठ आखूड म्हणजे मॅगझिन आखूड आणि गोळ्याही कमी.

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणाऱ्यांची गेल्या काही वर्षांतली सगळी ओढाताण या दोन-चार सेंटिमीटरची आहे. २०१५ मध्ये आलेल्या ग्लॉक ४३ मध्ये फक्त ६ गोळ्या मावत. २०१८ च्या जानेवारीत सिग साउअरने पी३६५ आणलं. वजन जेमतेम अर्धा किलो, पण मुठीत पूर्ण बसणाऱ्या मॅगझिनमध्ये १० गोळ्या. शिवाय मुठीबाहेर डोकावणारी १२ आणि १५ गोळ्यांची लांब मॅगझिनंही त्याच पिस्तुलात चालतात. दुसऱ्या बाजूला, मूळ मॅगझिनचा तळ काढून त्याजागी बसवायचे पोकळ तळ विकणाऱ्या कंपन्या आहेत: दोन गोळ्या जास्त, तीन जास्त, पाच जास्त. ही वाढवलेली मॅगझिनं मूळच्याइतकी भरवशाची असतात का, यावर तिथले लोक हिरिरीने वाद घालतात. बहुतेक वाद कंपन्यांच्या नावांवरून होतो. खरा प्रश्न स्प्रिंगच्या तारेचा आणि रिकाम्या जागेचा आहे.

मॅगझिन दिसतं साधं: एक चपटी नळी, तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर फॉलोअर नावाचा तुकडा, त्यावर गोळ्यांची चळत आणि वरची गोळी उडून जाऊ नये म्हणून आत वळवलेल्या दोन कडा. गोळी झाडली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामं केस (गोळीचं धातूचं कवच) बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधली सर्वांत वरची गोळी ढकलत पिस्तुलाच्या नळीत नेते. तोपर्यंत ती गोळी वर येऊन तयार असली पाहिजे. स्लाइड तिच्यासाठी थांबत नाही.

वेळ किती मिळतो? ग्लॉक १८ हे सलग गोळ्या झाडणारं पिस्तूल मिनिटाला सुमारे ११०० ते १२०० गोळ्या झाडतं. म्हणजे एक पूर्ण फेरी जवळपास ५० मिलिसेकंदांत संपते. स्लाइड मागे गेल्यावर गोळीला वर यायला मिळणारी फट त्यातली थोडीच. ढोबळ हिशोबासाठी १० मिलिसेकंद धरू. नऊ मिलिमीटर व्यासाची एक गोळी केस, दारू धरून साधारण १२ ग्रॅमची. मॅगझिनमध्ये १४ उरल्या असतील तर सुमारे १७० ग्रॅमची चळत उचलायची आहे. दोन रांगांच्या मॅगझिनमध्ये ही चळत दर वेळी साधारण अर्ध्या गोळीइतकी, पाचसहा मिलिमीटर सरकते. स्थिर अवस्थेतून १० मिलिसेकंदांत एवढं अंतर कापायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ११ पट त्वरण लागतं आणि त्यासाठी जवळपास दोन किलो वजनाइतका जोर. घर्षण त्यात धरलेलंच नाही. झाडताना पिस्तूल झटक्याने वर उसळतं, तेव्हा चळत जडत्वाने मागे, म्हणजे खाली राहू पाहते, तेही नाही.

आता दुसरं टोक पाहा. शेवटची गोळी उरली की उचलायचं वजन अगदी कमी, पण स्प्रिंगही जवळजवळ पूर्ण पसरलेली. जोर सर्वांत कमी नेमका इथेच. त्या उरल्यासुरल्या जोरात तिने शेवटची गोळी वेळेत वर आणायची आणि ती गेल्यावर स्लाइड मागे अडकवणारा खटका वर ढकलायचा. मधल्या गोळ्या क्वचितच त्रास देतात. मॅगझिनची परीक्षा होते ती पहिल्या एकदोन गोळ्यांना आणि शेवटच्या एकदोन गोळ्यांना.

लांब मॅगझिन ही दोन टोकं एकमेकांपासून आणखी दूर नेतं. जुनीच स्प्रिंग ठेवून तळ खाली सरकवला, तर शेवटच्या गोळीपर्यंत पोचेतो तिचा जोर संपतो. म्हणून वेटोळी वाढवावी लागतात. पण स्प्रिंगचा ताठरपणा वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो: वेटोळी दुप्पट, ताठरपणा निम्मा. मग तार जाड करावी. इथे गणित फारच जोरात उलटतं, कारण ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. तार फक्त १० टक्के जाड केली तर ताठरपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. आणि पूर्ण दाबल्यावर वेटोळी एकावर एक बसतात तेव्हा प्रत्येक वेटोळं तारेच्या जाडीइतकी उंची खातं. जी जागा आपण गोळ्यांसाठी मिळवली, तिच्यातला वाटा स्प्रिंग परत मागते.

मला यातला कळीचा मुद्दा वाटतो तो हा: भरवसा राहतो तो भरलेल्या मॅगझिनच्या तळाशी उरलेल्या थोड्याशा न दाबलेल्या जागेत. चांगला कारखाना ती जागा राखतो. 'त्याच मापात एक गोळी जास्त' अशी जाहिरात करणारा बहुधा तीच विकत असतो.

सैनिकांना हे जुनंच ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्टेनगनचं मॅगझिन ३२ गोळ्यांचं, पण जाणते त्यात २८ किंवा ३० च भरत. व्हिएतनाममध्ये एम१६ रायफलच्या २० च्या मॅगझिनमध्ये १८ भरण्याची पद्धत होती. स्टेनचा घोळ नुसता स्प्रिंगचा नव्हता. तिच्या मॅगझिनमध्ये दोन रांगांतून येणाऱ्या गोळ्या तोंडाशी एका रांगेत आवळल्या जातात आणि त्या निमुळत्या भागात त्या भिंतींना आणि एकमेकींना घासतात. थोडा मळ आला की तिथेच अडकतात. याउलट स्टर्लिंग कार्बाइनमध्ये तिचा रचनाकार जॉर्ज पॅचेटने ३४ गोळ्यांचं वाकडं मॅगझिन केलं, दोन्ही रांगांतून आळीपाळीने गोळी देणारं आणि फॉलोअरवर रोलर असलेलं. ही कार्बाइन पुढे कानपूरच्या कारखान्यात बनली आणि आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर अनेक वर्षं दिसत राहिली. पण पिस्तुलाची मूठ हातात मावेल इतकी बारीक हवी, वर स्लाइडखाली जागा नाही, त्यामुळे बहुतेक पिस्तुलांना ती एका रांगेत आवळण्याची अडचण टाळता येत नाही.

आणखी एक बारकावा. नऊ मिलिमीटरचं केस पूर्ण सरळ नसतं, बुडाशी ९.९३ मिलिमीटर आणि तोंडाशी ९.६५. हा फरक एका गोळीत नगण्य, पण तीस गोळ्या रचल्या की चळत पुढे झुकू लागते. एमपी५ या जर्मन सबमशीनगनची सरळ मॅगझिनं १९७७ पासून वाकडी झाली ती याचसाठी. १२-१५ गोळ्यांच्या पिस्तुलात हे फारसं जाणवत नाही. तिथे फॉलोअर तिरका होणं हा मोठा त्रास. जागा वाचवायला फॉलोअर बुटका केला की तो डोलू लागतो.

भरून ठेवलेल्या मॅगझिनची स्प्रिंग मरते का, हा नेहमीचा प्रश्न. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या लवचीक मर्यादेच्या पुरेशी आत दाबून ठेवली तर वर्षानुवर्षं फारशी ढिली पडत नाही. तिला थकवतं ते पुन्हा पुन्हा दाबणं-सोडणं. इथवर ठीक. मात्र हे उत्तर जागा राखलेल्या मॅगझिनला लागू आहे. जिथे गोळ्या कोंबण्यासाठी स्प्रिंग मर्यादेच्या अगदी काठावर दाबली जाते, तिथे नुसतं भरून ठेवल्यानेही ती हळूहळू बसते आणि तिची मूळ लांबी घटते. म्हणजे 'स्प्रिंग मरते' म्हणणारे आजोबा आणि 'हे सगळं थोतांड' म्हणणारा नातू, दोघंही आपापल्या मॅगझिनबद्दल खरं बोलत असू शकतात.

नंतर जोडलेल्या तळांचे दोष वेगळ्या जातीचे. मॅगझिनची मूळ नळी आणि नवा तळ यांच्या सांध्यावर पायरी राहिली तर स्प्रिंगचं वेटोळं किंवा फॉलोअरची कड तिथे अडते. मॅगझिन जमिनीवर पडलं तर तळ निसटून सगळं सामान बाहेर येतं. लांब मॅगझिन मुठीच्या खाली लोंबतं, त्यामुळे मुठीचा तळ त्याला गरजेपेक्षा वर जाण्यापासून रोखत नाही. स्लाइड मागे अडकलेली असताना ते जोरात आपटून बसवलं तर रिकामं केस बाहेर उडवणाऱ्या आतल्या इजेक्टरला धडकू शकतं. फट झाकण्यासाठी वर चढवलेली प्लॅस्टिकची बाही मॅगझिनला अडवते, पण ती जागची सरकली तर तोही रोध कामाचा राहत नाही.

भिंत पातळ करून गोळ्या वाढवण्याचाही एक मार्ग आहे. ग्लॉक ४३एक्सचं मूळ मॅगझिन प्लॅस्टिकने मढवलेलं आणि १० गोळ्यांचं. शील्ड आर्म्सने त्याच उंचीत नुसत्या पोलादाचं १५ गोळ्यांचं बनवलं. मढवलेलं प्लॅस्टिक गेलं तिथे जागा झाली. पण पोलादाची कड मॅगझिन जागी धरणारा पिस्तुलातला मूळ प्लॅस्टिकचा खटका झिजवते, म्हणून त्याबरोबर पोलादी खटकाही बसवावा लागतो. एक भाग बदलला की शेजारचा बदलायला लागतो, हे यंत्रांमध्ये नेहमीचंच.

धूळ आणि थंडी या गोष्टी कागदावरच्या हिशोबात येत नाहीत. इराकमध्ये अमेरिकी सैनिकांच्या एम९ पिस्तुलांची खडबडीत मुलामा दिलेली मॅगझिनं वाळूने चोंदू लागली. मग आतून गुळगुळीत लेप असलेली आली. कारगिलमध्ये आपल्या इन्सास रायफलींची प्लॅस्टिकची मॅगझिनं थंडीत तडकल्याच्या तक्रारी झाल्या. कमरेला लावलेल्या पिस्तुलात वाळू नसते, पण कपड्यांचा तंतू आणि घाम रोज असतो.

हे सगळं झाल्यावर अमेरिकेतला नेहमीचा सल्ला येतो: दोनशे गोळ्या झाडा, अडकलं नाही की झालं. हा सल्ला संख्याशास्त्राला मान्य नाही. दोनशे झाडण्यांत एकही चूक नसेल, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकीचं प्रमाण दीड टक्क्याहून कमी आहे. त्यातही १५ च्या मॅगझिनमध्ये दोनशे गोळ्या म्हणजे जेमतेम १३ वेळा भरणं. शेवटच्या गोळीची परीक्षा १३ वेळाच झाली, आणि १३ पैकी १३ यशांवरून तिच्या अपयशाची वरची मर्यादा येते सुमारे २० टक्के! ज्या जागी धोका जास्त तिथेच पुरावा सर्वांत तोकडा.

या विषयाची एक काळी बाजू आहे आणि ती टाळून लिहिणं मला बरोबर वाटत नाही. ८ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेतल्या टुसॉन शहरात झालेल्या गोळीबारात हल्लेखोराकडे ग्लॉक १९ ला लावलेलं ३३ गोळ्यांचं मॅगझिन होतं. ते बदलताना लोकांनी त्याला पकडलं. २० जुलै २०१२ रोजी कोलोरॅडोतल्या ऑरोरामधल्या चित्रपटगृहात झालेल्या गोळीबारात हल्लेखोराच्या रायफलीचं १०० गोळ्यांचं गोल ड्रम मॅगझिन अडकलं. मॅगझिन किती मोठं असावं यावर तिथे कायदे झाले ते अशाच घटनांच्या सावलीत. १९९४ ते २००४ या काळात देशभर नव्या मॅगझिनला १० गोळ्यांची मर्यादा होती; कॅलिफोर्नियातल्या तशाच मर्यादेवर कोर्टात अनेक वर्षं वाद झाला, कोलोरॅडोने २०१३ मध्ये १५ ची घातली. भारतात सामान्य नागरिकाला नऊ मिलिमीटरचं पिस्तूल परवान्यावरही मिळत नाही, त्यामुळे हा पेच आपल्यापर्यंत येत नाही; अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांपर्यंत मात्र येतो.

तिथल्या अनुभवी लोकांनी काढलेली वाट मला पटते. पिस्तुलात मुठीत पूर्ण बसणारं कारखान्याचं मॅगझिन ठेवायचं आणि लांब मॅगझिन जादाचं म्हणून खिशात. खिशात मुठीची लांबी आड येत नाही. प्रत्येक मॅगझिनच्या तळावर रंगाने क्रमांक घालायचा, म्हणजे कुठलं अडखळलं ते कळतं. दुसऱ्यांदा अडखळलेल्या क्रमांकाची स्प्रिंग बदलायची, तरीही सुधारलं नाही तर ते फक्त सरावाच्या पिशवीत.