साठीनंतरची साखर आणि कोकणातली रसायनं

कोकणातल्या गावात कुणाला साठीनंतर साखर निघाली की कारणं ठरलेलीच असतात: भात, आंबा, गोडाची सवय. ती खोटी नाहीत. पण चित्र तेवढ्यावर पुरं होत नाही. शरीरात साठलेल्या रसायनांचाही यात हात असू शकतो, हा विचार पुढे आला तो अपघातांतून आणि युद्धातून.

1968 मध्ये जपानमध्ये आणि 1979 मध्ये तैवानमध्ये तांदळाच्या कोंड्याच्या तेलात पीसीबी हे औद्योगिक रसायन मिसळलं गेलं. तैवानमध्ये ते तेल पोटात गेलेल्या बायकांत पुढे मधुमेहाचं प्रमाण जास्त आढळलं. व्हिएतनाम युद्धात जंगलाची पानं गाळण्यासाठी एजंट ऑरेंज हे तणनाशक फवारणाऱ्या अमेरिकी हवाई दलातल्या माणसांचीही वर्षानुवर्षं तपासणी झाली. त्या तणनाशकात मिसळलेलं डायऑक्सिन हे विष ज्यांच्या रक्तात जास्त, तिथे मधुमेहही जास्त, असं 1997 मध्ये प्रसिद्ध झालं. 2001 मध्ये अमेरिकी सरकारने तिथे लढलेल्यांचा टाइप 2 मधुमेह भरपाईस पात्र ठरवला.

पण हे झाले मोठ्या मात्रेचे बळी. साध्या माणसांचं काय? स्वीडनमधल्या उप्साला शहरात सत्तरीच्या सुमारे हजार स्त्री-पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. सुरुवातीला ज्यांच्या रक्तात पीसीबी आणि काही क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचे अंश जास्त होते, त्यांच्यात पुढच्या पाच वर्षांत नव्याने मधुमेह होण्याची शक्यता जास्त निघाली. हा निष्कर्ष 2011 चा. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण ही माणसं कुठल्याही दुर्घटनेत सापडलेली नव्हती. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे. वय, वजन आणि आनुवंशिकता यांचा वाटा मोठाच आहे. तरी तर्क पटण्यासारखा आहे. ही रसायनं चरबीत मुरतात आणि वर्षानुवर्षं निघत नाहीत. उतारवयात स्नायू कमी होतात, चरबीचा वाटा वाढतो. वजन झपाट्याने उतरलं तर चरबीतला साठा रक्तात येतो.

आता कोकणातल्या आजच्या सत्तरीकडे पाहू. 1953 मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरांच्या भिंतींवर डीडीटी या क्लोरीनयुक्त कीटकनाशकाचे फवारे मारले जाऊ लागले. त्या फवारणीने असंख्य जीव वाचवले, हे विसरता येणार नाही. पण आजचे आजी-आजोबा तेव्हा त्याच घरांत वाढत होते. पुढे रायगड जिल्ह्यात रसायनी इथे सरकारी कारखान्यात डीडीटी तयारही होऊ लागलं. शेतीतला त्याचा वापर 1989 मध्ये बंद झाला, मलेरियासाठी चालू राहिला. अशा वर्षानुवर्षं टिकणाऱ्या रसायनांवर बंधनं घालणारा, डीडीटी आणि पीसीबी यांचा समावेश असलेला आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार 2001 चा. भारताने त्याला 2006 मध्ये मान्यता दिली.

तोवर पाताळगंगा, महाडची सावित्री आणि खेडजवळचं लोटे परशुराम इथे रासायनिक वसाहती उभ्या राहिल्या होत्या. लोट्याच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतल्या भोयांच्या मासेमारीवर काय परिणाम झाला, हे पश्चिम घाटाच्या पर्यावरणावरच्या माधव गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालात आलं आहे. चर्चा मात्र मेलेल्या माशांवरच थांबली. खाडीकाठी राहणाऱ्यांच्या साखरेपर्यंत, रक्तदाबापर्यंत ती गेलीच नाही. म्हणून कुणी मासे सोडावेत असं मी म्हणणार नाही. तारली, पेडव्यांसारख्या लहान माशांत अशी रसायनं मोठ्या शिकारी माशांपेक्षा कमी साठतात, आणि म्हाताऱ्या माणसाला त्यातली प्रथिनं हवीच असतात.

काळजी आहे ती पुढच्या रसायनांची. इटलीतल्या व्हिचेंझा प्रांतात मिटेनी कारखान्यामुळे पिण्याचं पाणी पीएफएएस या सहजासहजी न विघटणाऱ्या फ्लोरीनयुक्त रसायनांनी दूषित झालं. तिथल्या लोकांच्या रक्ताची सरकारी खर्चाने तपासणी झाली आणि ज्यांच्यात ही रसायनं जास्त, त्यांच्यात कोलेस्टेरॉलही जास्त आढळलं. कारखाना 2018 मध्ये दिवाळखोरीत गेला आणि त्याची यंत्रसामग्री विकली गेली. ती आली लोटे परशुरामला. वसाहतीखालच्या गावांतल्या विहिरींचं पाणी आणि तिथल्या वृद्धांचं रक्त पीएफएएससाठी आत्ताच तपासून आकडे नोंदवायला हवेत, म्हणजे दहा वर्षांनी तुलना करायला काहीतरी हाताशी असेल.