चित्रांच्या चिकटपट्ट्या आणि पेटंटचा जुना पेच

जखमेवर लावायची तयार चिकटपट्टी अमेरिकेत १९२० साली तयार झाली. स्वयंपाक करताना बायकोची बोटे वारंवार कापत, म्हणून एका कर्मचाऱ्याने चिकट फितीवर गॉझचे तुकडे बसवले. पुढच्याच वर्षी ती बाजारात आली आणि १९५१ मध्ये सजावटीच्या पट्ट्याही विकल्या जाऊ लागल्या. त्यामुळे ‘पट्टीवर चित्र’ एवढ्याच कल्पनेवर आज तिथे कोणी पेटंटचा दावा केला, तर तो नावीन्याच्या पहिल्याच कसोटीवर बाद होतो.

खरा वाद त्यापुढचा आहे. बदल ‘साहजिक’, म्हणजे त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखा असेल तर पेटंट नाही, हे तत्त्व १८५१ च्या दाराच्या मुठींच्या खटल्यापासूनचे. मूठ धातूऐवजी चिनी मातीची केली म्हणजे शोध लागला असे होत नाही, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले. १९५२ मध्ये ते कायद्यात आले, १९६६ मध्ये त्याची कसोटी ठरली आणि २००७ मध्ये ओळखीच्या गोष्टींची अपेक्षित जुळणी नाकारणे आणखी सोपे झाले.

चित्रांच्या बाबतीत मात्र आणखी एक नियम आडवा येतो, तो ‘छापील मजकुरा’चा. नुसत्या छपाईतले वेगळेपण पेटंटसाठी धरत नाहीत. पण हा नियम कुठवर ताणायचा? १९६९ च्या प्रकरणात मोजमापाची भांडी होती. अर्ध्या प्रमाणात पदार्थ करणाऱ्याला मनात भागाकार करावा लागू नये, म्हणून त्यांवरचे आकडे मुद्दाम प्रत्यक्ष मापापेक्षा मोठे छापलेले होते. तिथे आकडे आणि भांडे मिळून एक काम करत होते, म्हणून दावा टिकला. १९८३ मध्ये अंक छापलेल्या एका गोल पट्ट्याबाबतही न्यायालयाने बजावले की, छपाई वगळून दावा वाचायचा नाही. छपाई आणि वस्तू यांच्यात नवे, साहजिक नसलेले कार्यात्मक नाते आहे का, ते पाहायचे. याउलट २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या जुन्याच किटला (साहित्यसंचाला) नवी सूचनापत्रिका जोडून भागले नाही.

माझ्या मते चिकटपट्टीलाही हीच मोजपट्टी लावायला हवी, आणि ती प्रामाणिकपणे. कार्टून पाहून मूल रडायचे थांबते, हा उपयोग खरा असला तरी त्याने पट्टीचे काम बदलत नाही. पण ओल शोषल्यावर चित्राचा रंग बदलून पट्टी बदलण्याची वेळ कळत असेल, तर त्याला ‘नुसती सजावट’ म्हणून मोडीत काढणे चुकीचे आहे. अर्थात अशा रंगबदलाचा आधी कुठे वापर झाला आहे का, हे तपासावे लागेलच.

निव्वळ दिसण्यासाठी डिझाइन पेटंटची वाट आहे. ते रूपापुरतेच असते आणि मे २०१५ पासूनच्या अर्जांना त्याची मुदत १५ वर्षे मिळते. इथेही आधीची डिझाइन्स आड येतात. १९८२ पासून साहजिकता ठरवताना जवळजवळ हुबेहूब असे एक जुने डिझाइन आधाराला लागे; २०२४ मध्ये ती अट गेली. आता थोड्या कमी सारख्या जुन्या पट्टीवरूनही नवा अर्ज नाकारता येतो.