अर्ध्या तासाचं ऑपरेशन आणि पुढचे सहा आठवडे

अमळनेरात माझं मेडिकल आहे. पन्नाशीतला माणूस काउंटरशी आला आणि शेजारचं गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत बामच्या बाटल्या न्याहाळत उभा राहिला, की मी ओळखतो: याला खाजेची ट्यूब हवी आहे, आणि ती पायाच्या बोटांसाठी नाही. तालुक्यातल्या एका खेड्यातले कापूसवाले आप्पा वर्षभर अशी ट्यूब नेत होते. चिठ्ठी मागायला हवी होती, मी मागितली नाही. शेवटी एकदा डॉक्टरांना दाखवलं का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टरले काय सांगू? माले लाज वाटस."

लिंगाच्या टोकावरची पुढची कातडी मागे सरत नाही, ओढली की चिरते, लघवीला आग होते, अशी त्यांची तक्रार. याला फायमोसिस म्हणतात. लहान मुलांची कातडी मागे जात नाही ते नैसर्गिक असतं, वय वाढेल तशी ती आपोआप सुटते. पन्नाशीत हा त्रास नव्याने सुरू झाला, तर मात्र आधी रक्तातली साखर तपासावी. साखर वाढली की ती लघवीतून जाते, कातडीच्या आत थेंब राहतात आणि गोड, ओलसर, उबदार जागा बुरशीला आयतीच मिळते. खाज, सूज, चिरा. चीर भरून येते तिथे व्रणाची ताठर कातडी तयार होते, ती ताणली की पुन्हा चिरते. रबरासारखी असलेली कड हळूहळू सुतळीसारखी होत जाते. माझ्या ट्यूबमध्ये बुरशीचं औषध होतं तसं स्टेरॉईडही होतं. त्याने खाज दबायची आणि आप्पांना वाटायचं, बरं वाटतंय.

मधुमेहाच्या काही नव्या गोळ्याही यात भर घालतात. डापाग्लिफ्लोझिन ही गोळी मूत्रपिंडातून साखर बाहेर टाकते, दिवसाला साधारण ७० ग्रॅम, म्हणजे चहाचे चौदा चमचे. २०२० मध्ये भारतात तिचं मूळ पेटंट संपलं, किंमत उतरली आणि ती खेड्यापाड्यात पोचली. हृदयाला आणि किडनीला ती चांगली, म्हणून मनाने बंद करू नये. पण तिथे खाज सुटली तर डॉक्टरांना सांगायचं असतं, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. आता मी सांगतो.

आजार काही नवा नाही. सुश्रुतसंहितेत निरुद्धप्रकश या नावाने तो आहे, आणि तूप लावलेली नळी आत घालून दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालायचा उपायही आहे. कडा हळूहळू रुंद करण्याची हीच कल्पना आजही वापरतात: सौम्य अवस्थेत डॉक्टर काही आठवडे स्टेरॉईडचं मलम आणि हलका ताण देऊन पाहतात. सुश्रुतसंहितेतच परिवर्तिकाही आहे: कातडी मागे गेली आणि पुढे येईना, अशी अवस्था. त्यात टोक सुजत जातं, रक्तपुरवठा अडू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रात्रीच सिव्हिल गाठायचं.

आप्पांना मलमाने फरक पडला नाही. सर्जनने सुंता, म्हणजे ती पुढची कातडी कापून काढणं, सुचवली आणि आप्पा गप्प झाले. आपल्याकडे सुंता म्हटलं की आधी धर्म आठवतो. जगातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या पुरुषांची सुंता झालेली असते, बहुतेकांची लहानपणी. आप्पांचं ऑपरेशन मात्र अपेंडिक्स काढण्याइतकंच वैद्यकीय होतं.

आधी साखर आटोक्यात आणावी लागते, नाहीतर जखम भरायला वेळ घेते आणि पिकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगावं. ती केव्हा थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. मुहूर्त म्हणाल तर कापसाची वेचणी आटोपल्यावर, थंडीत. मे महिन्यात खान्देशात पारा ४४-४५ वर जातो, मांड्यांमध्ये घाम साचतो, आणि ओली राहिलेली जखम कुरकुर करते.

प्रत्यक्ष काम अर्ध्या-पाऊण तासाचं. अनेकदा फक्त जागा बधिर करतात. लिंगाच्या वरच्या बाजूने दोन नसा जातात; मुळाशी घड्याळात दहा आणि दोन वाजतात त्या जागी सुई दिली की पुढचा भाग झोपतो. सुई टोचते तेवढा वेळ झोंबतं. मग कातडी गोल कापून कडा विरघळणाऱ्या टाक्यांनी जोडतात. पांढरट, जाड डाग दिसला तर तुकडा तपासणीला पाठवतात. शहरात आता स्टेपलर आणि लेझरच्या पाट्या दिसतात. स्टेपलरने वेळ वाचतो, पुढचे आठवडे तेच राहतात. घरी येताना मोटरसायकल नको. पुढे दोन आठवडेही नकोच.

आणि या पुढच्या आठवड्यांबद्दलच माणसाला सगळ्यात कमी सांगितलं जातं.

दोन-तीन दिवस सूज वाढते. टोकाच्या मागे कातडीचं फुगलेलं कडं दिसतं, निळे-जांभळे डाग खाली अंडकोशापर्यंत उतरतात. आप्पांनी तिसऱ्या दिवशी मला फोन केला, "काहीतरी चुकलंय." चुकलं नव्हतं. कातडी कापताना अंगातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या लसिकेच्या बारीक वाहिन्याही कापल्या जातात. नव्या तयार होईपर्यंत पाणी तिथेच साचतं. खालच्या बाजूची सूज सगळ्यात शेवटी जाते. घट्ट चड्डीत लिंग वरच्या दिशेला ठेवलं की उतार मिळतो. टोकावर पिवळसर पातळ थर येतो, तो पू समजून लोक खरवडतात. जखम भरताना तो येतोच, त्याला हात लावू नये.

रात्र अवघड जाते. निरोगी पुरुषाला झोपेत तीन ते पाच वेळा ताठरता येते, स्वप्न पडो न पडो. डोळे भरभर हलतात त्या झोपेत मेंदू आपला एक ब्रेक सोडतो, तो सुटला की रक्त भरतं. वासनेशी याचा संबंध नाही. पहाटे त्या झोपेचा वाटा वाढतो, म्हणून पहाटे टाके ओढले जाऊन माणूस दचकून उठतो. झोपण्याआधी लघवी करावी, जाग आली की उठून अंगणात चार फेऱ्या माराव्यात. बर्फ कापडात गुंडाळूनच लावावा. आठवड्याभरात हा त्रास बराच कमी होतो.

टोकाला आयुष्यभर कातडीचं पांघरूण होतं, आता त्याला चड्डीचं सूतही टोचतं. व्हॅसलिनचा थर लावला की दोन-तीन आठवड्यांत सवय होते. साधारण दोन दिवसांनी पट्टी निघते, मग साधं पाणी ओतून अंघोळ. टाके दोन-तीन आठवड्यांत आपले गळतात. बसून काम करणारा आठवड्यात कामावर जातो, पोती उचलणाऱ्याने तीन-चार आठवडे थांबावं. दहा-पंधरा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबेना, ताप आला, घाण वासाचा पू आला, लालसरपणा पसरत चालला, लघवी तुंबली, यातलं काहीही झालं तर मेडिकलवाल्याला नव्हे, सर्जनला फोन करायचा.

शरीरसंबंध सहा आठवड्यांनी. वरून भरलेली जखम आतून कच्ची असते. सुख कमी होईल का, ही भीती आप्पांनाही होती. केनिया आणि युगांडात हजारो प्रौढांवर झालेल्या चाचण्यांत सुंता झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या समाधानात फारसा फरक दिसला नव्हता. त्याच चाचण्यांत पुरुषाला स्त्रीकडून एचआयव्ही लागण्याचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आफ्रिकेतल्या जास्त लागण असलेल्या देशांसाठी ही शस्त्रक्रिया सुचवली ती त्यावरूनच. निरोध मात्र तरीही लागतोच. ज्याला त्रास नाही त्याने हे वाचून ऑपरेशनच्या मागे लागायची गरज नाही.

फाल्गुनात आप्पा दुकानात आले. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं होती. आप्पा थांबले नाहीत, बामच्या बाटल्यांकडे पाहिलंही नाही.

"ट्यूब नको भाऊ," ते म्हणाले, "शुगरन्या पट्ट्या दे."