इंग्रजी प्रावीण्याचा पुरावा (विद्यापीठ प्रवेश)

इंग्रजी माध्यमातून शिकवणाऱ्या परदेशी विद्यापीठात प्रवेश घेताना, व्याख्याने समजण्याइतके आणि प्रबंध लिहिण्याइतके इंग्रजी आपल्याला येते हे अर्जदाराने कागदोपत्री दाखवण्याची अट. ही नोंद मुख्यतः ब्रिटनमधील पद्धतीविषयी आहे.

पदवी व त्यापुढील शिक्षणासाठी ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला युरोपीय भाषा-चौकटीतील बी२ ही (सहापैकी चौथी) पातळी लागते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जमैका अशा इंग्रजीभाषक मानलेल्या देशांच्या नागरिकांना यातून सूट आहे. त्या यादीत भारत नाही. त्यामुळे बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यालाही पुरावा द्यावाच लागतो.

सर्वांत रुळलेला पुरावा म्हणजे १९८९ साली सुरू झालेली आयईएलटीएस परीक्षा. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चार भागांना ० ते ९ असे बँड मिळतात आणि निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. विद्यापीठासाठी तिचा ‘अकॅडेमिक’ प्रकार द्यावा लागतो. टोफेल (१९६४ पासून) आणि पीटीई हे तिचे मुख्य पर्याय.

मुलांची खरी अडचण एकूण बँडमध्ये नसते. विद्यापीठे एकूण बँडसोबत प्रत्येक भागाचीही किमान पातळी ठरवतात. ऐकण्यात ७.५, वाचनात ७.५, लेखनात ६ आणि बोलण्यात ६.५ मिळाले, तर सरासरी ६.८७५ येते आणि ती ७ धरली जाते. पण ‘एकूण ७, कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको’ अशी अट असेल, तर लेखनातला तो ६ प्रवेश अडवतो. लेखनासाठी एक तास असतो. त्यातला निदान २५० शब्दांचा दुसरा प्रश्न पहिल्याच्या दुप्पट वजनाचा, तरी पहिल्या प्रश्नातल्या आलेखाच्या वर्णनातच वेळ घालवणारे अनेक असतात. तयारी लेखनापासून सुरू करणे शहाणपणाचे.

परीक्षेशिवायही मार्ग आहेत, आणि भरमसाट फी भरण्यापूर्वी ते जरूर तपासावेत. पदवी अभ्यासक्रमांसाठी परदेशी विद्यार्थी घेण्याचा सरकारी परवाना असलेल्या ब्रिटिश विद्यापीठांना अर्जदाराचे इंग्रजी स्वतः पारखण्याची मुभा असते. म्हणून काही विद्यापीठे बारावीचे इंग्रजीचे गुण स्वीकारतात. मात्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याकडून बऱ्याचदा सीबीएसईपेक्षा जास्त गुण मागितले जातात. मराठी माध्यमातून बारावी झालेल्यांनीही इंग्रजीचा पेपर दिलेला असतोच, तेव्हा हा मार्ग आपल्यासाठी नाही असे त्यांनी परस्पर ठरवू नये.

दुसरा कागद म्हणजे माध्यम प्रमाणपत्र, महाविद्यालयांच्या कार्यालयात ज्याला सर्रास ‘एमओआय लेटर’ (मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिक्षणाचे माध्यम) म्हणतात. पदवीचे अध्यापन व परीक्षा इंग्रजीत झाल्याचे ते लेटरहेडवर, प्राचार्यांच्या किंवा कुलसचिवांच्या सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेले असते. कला शाखेत मराठीतून उत्तरपत्रिका लिहिलेल्यांना ते मिळू शकत नाही, आणि तसे खोटे लिहून घेणे हा अर्ज बाद होण्याचा सरळ रस्ता आहे.

पुरावा अपुरा पडला तरी प्रवेश लगेच हुकत नाही. विद्यापीठ सशर्त प्रवेश देऊन सत्रापूर्वीचा इंग्रजी अभ्यासक्रम सुचवू शकते. संगणकावर आयईएलटीएस दिलेल्यांना साठ दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देता येतो. तो निकाल सगळीच विद्यापीठे मानत नाहीत, म्हणून आधी प्रवेश विभागाला ईमेल करून लेखी होकार घ्यावा.