फुप्फुसांचा अबोल पहारा

बाहेरची हवा आणि आपलं रक्त यांच्यामध्ये फुप्फुसात जो पडदा असतो, त्याची जाडी बऱ्याच ठिकाणी १ मायक्रॉनही (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरत नाही. तो जाड असता तर प्राणवायू वेळेत रक्तात उतरलाच नसता. असा हा नाजूक पडदा सुमारे ७० चौरस मीटर पसरलेला असतो आणि दिवसाला साधारण १०,००० लिटर हवा फुप्फुसांत ये-जा करते. धूळ, परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू, विषाणू सगळं त्या हवेसोबत येतं, आणि तरी बहुतेक दिवस आपल्याला काही होत नाही.

याचं श्रेय आपण अँटिबॉडींना, म्हणजे ठरावीक जंतू ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनांना, देऊन मोकळे होतो. पण अनोळखी जंतूविरुद्ध अँटिबॉडी तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोवर खिंड लढवते ती उपजत प्रतिकारशक्ती.

मोठे कण नाकातच अडतात. त्यातून निसटलेले श्वासनलिकांच्या चिकट अस्तराला चिकटतात. या अस्तराखालच्या पेशींवर प्रत्येकी २००च्या आसपास सूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला १० ते २० वेळा हलतात, पण सगळे एकदम नाही. उभ्या पिकावरून वारा जावा तशी लाट सरकत जाते आणि कफ घशाकडे ढकलला जातो. तो आपण नकळत गिळतो, पुढचं काम जठरातलं आम्ल करतं. सिगारेटचा धूर या केसांनाच निकामी करतो, मग साचलेला कफ खोकूनच काढावा लागतो.

कफ म्हणजे नुसता चिकटपणा नव्हे. त्यात जिवाणूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते जाहीर केलं १९२२ मध्ये, म्हणजे पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी, आणि त्यांना ते सापडलं सर्दी झालेल्या माणसाच्या शेंबडात! पेनिसिलिनपुढे हा शोध झाकोळला गेला, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

खरी पंचाईत पुढे आहे. श्वासनलिकांच्या टोकाला असलेल्या वायुकोशांत, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांत, ना केस, ना कफ. तिथे पातळ ओलाव्यात राहतात मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. पेशी परक्या वस्तूला गिळतात हे शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत काटा टोचून पाहिलं होतं. वायुकोशातल्या भक्षक पेशी हेच करतात. त्या एका जागी बसून राहत नाहीत. २०२० मध्ये उंदरांच्या जिवंत फुप्फुसात त्या एका वायुकोशातून दुसऱ्यात सरपटत जाताना दिसल्या. ओलाव्यातली काही प्रथिनं जंतूंना चिकटून त्यांना गिळणं सोपं करतात.

मला या पेशींचं कौतुक वाटतं ते त्यांच्या संयमाचं. रोजची धूळ त्या गुपचूप गिळतात, बोभाटा करत नाहीत. आसपासच्या पेशीही त्यांना शांत राहण्याचे संकेत देत असतात. कारण सूज आली की रक्तवाहिन्या पाझरतात, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी झुंडीने येतात आणि हवेच्या जागी पाणी व पू भरतो. त्वचेवर हे चालून जातं. इथे श्वासच अडतो. म्हणून गजर वाजतो तो जंतू आवरेनासे झाले की. न्यूमोनियात एक्स-रेवर दिसणारा पांढरा डाग म्हणजे बऱ्याच अंशी आपल्याच फौजेची गर्दी.

कधी शत्रू मरणाराच नसतो. दगड फोडताना उडणारा सिलिकाचा बारीक कण भक्षक पेशी गिळते, पण पचवू शकत नाही. कण ज्यात कोंडलेला असतो ती पेशीतली पिशवी फुटते, पेशी मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. प्रत्येक फेरीत सूज, आणि सुजेमागून व्रण. सिलिकोसिस होतो तो असा, आणि धुळीचं काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो.

फौज आवरण्याचा फायदा कोविडमध्ये मोजता आला. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन हे सूज दाबणारं स्वस्त, जुनं औषध दिलं, तेव्हा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही.